तोंड उघडलं की कान बदलतो

माझ्या दुकानात भारीतला इअरफोन घ्यायला आलेल्या माणसाला मी आधी कडक भाकरी खायला देते. चेष्टा नाही. कानात इअरफोन घालायचा, आवडीचं गाणं लावायचं, शेंगाचटणी घेऊन चतकोर भाकरी करकरा चावायची आणि मग बोलायचं. पुण्याहून आलेला एक चष्मेवाला मला म्हणाला, "अक्का, मी आवाज ऐकायला आलोय, जेवायला नाही." म्हटलं, "कान तुझ्या जबड्याच्या शेजारी राहतो की नाही? मग शेजाऱ्याला विचारायला नको?" तोंड वाकडं करून त्याने खाल्ली. दुसऱ्या घासाला उजवा इअरफोन खांद्यावर. तोच इअरफोन जगात सर्वांत चांगला आहे म्हणून हा गृहस्थ महिनाभर इंटरनेटवर अनोळखी लोकांशी भांडत होता.

तुम्हीही करून बघा. हा अंक मांडीवर ठेवा, करंगळी कानात घाला आणि तोंड उघडा, मिटा. बोटाला काहीतरी सरकल्यासारखं लागेल. कानाच्या नळीला खेटूनच जबड्याची बिजागरी आहे. तोंड मिटलेलं असताना नळी एका मापाची, उघडलं की दुसऱ्या. कुणाची किंचित बदलते, कुणाची भरपूर, आणि एकाच माणसाचे दोन कानही सारखे वागत नाहीत. नळी रुंद झाली की इअरफोन आणि कान यांच्यामध्ये फट पडते. फट पडली की सर्वांत आधी खालचा भरीव आवाज पळून जातो, ढोलकीचा घुमारा जातो, आणि मागे उरतो तो पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज. मग माणूस कंपनीला शिव्या घालतो. कंपनीने बिचारीने तुमचा कान कुठे बघितलाय?

मी मुळात कानाच्या साच्यांची कारागीर. एका रुग्णालयाच्या श्रवणयंत्र विभागात माझी नोकरी झाली. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्या कानाचा ठसा घ्यायचा, त्यावरून साचा करायचा आणि त्यांच्या यंत्राला नेमका बसेल असा तुकडा घासून द्यायचा. जन्म सोलापूरच्या भवानी पेठेतला, यंत्रमागवाल्यांच्या घरातला. घरात आम्ही तेलुगू बोलायचो, पण माग चालू असले की ते एकमेकांच्या ओठांवरूनच समजून घ्यायचं. त्यामुळे शांतता म्हणजे काय चीज आहे हे मला फार लवकर कळलं. निवृत्तीनंतर शुक्रवार पेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत दुकान टाकलं. लोकांना वाटलं, म्हातारी श्रवणयंत्रं विकणार. मी भारीतले इअरफोन ऐकून, तोलून, कानाप्रमाणे बसवून द्यायला लागले. सोलापुरात असलं कोण घेतंय, असं माझ्या सख्ख्या बहिणीनेही विचारलं होतं. तिला आता तिचा नातू माझ्याकडे रांगेत बसलेला दिसतो.

आवाजाची तुलना कशी करायची, याचा एकच नियम सांगते, कारण जो तो तिथेच फसतो. दोन इअरफोन ऐकताना दोन्हींचा आवाज सारख्याच मोठेपणाचा असला पाहिजे. जो थोडा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, मग तो कितीही भंगार असो. दुधनीचे एक तूरडाळीचे व्यापारी, शिवप्पा, इअरफोनच्या दोन डब्या घेऊन आले. एक त्यांची, एक भावाची. "अक्का, इदु नोड्री, हे बघा, माझा कसा एकदम खणखणीत. त्याचा मेंगळट." मी यंत्राने मोजून दोन्ही सारखे केले, त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि कोणता कधी दिला ते सांगितलं नाही. तीनही वेळा त्यांनी भावाचा उचलला. शिवप्पांनी दोन्ही डब्या मिटल्या. मग म्हणाले, "मग मी दिवाळीपासून त्याच्यासंगं बोलत का न्हाय?" हा प्रश्न माझ्या धंद्यातला नव्हता, तरी मी सांगितलं, आज घरी जाऊन बोला.

हे सगळं गमतीचं. आता ज्या कामाने माझी मान आजही ताठ होते, ते सांगते.

गौतमभाऊ माझे रुग्णालयापासूनचे पेशंट. तरुणपणी दिवसा मागावर आणि संध्याकाळी गायन पार्टीत. भीमजयंतीच्या गाण्यांची त्यांची पार्टी आमच्या जिल्ह्यातच काय, कर्नाटकाच्या हद्दीतल्या गावांतही बोलावली जायची. दिवसभर मागाचा खडखडाट आणि मग पाठीमागे कर्णे, यात त्यांचे कान गेले. त्यांच्या यंत्राचे साचे मीच करत आले. पण साचा हा कान गेल्यानंतरचा उपाय. या माणसाचे कान शाबूत असताना कुणी त्यात दोन बोळे घालायला सांगितले असते तर, असं मला त्यांचा ठसा घेताना दरवेळी वाटायचं, आणि राग यायचा. कुणावर काढणार?

पार्टी आता त्यांची मुलगी प्रज्ञा चालवते. ती पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा कुजबुजत होती. मला वाटलं लाजते आहे. पण तिचा आवाजच बसला होता. सोबत पार्टीचा कीबोर्डवाला समीर होता. तोच बोलला.

"अक्का, डॉक्टरने साफ सांगितलंय. नरड्याला सूज है. या सीझनला वरडून गाईल तर आवाज परत येईल याची गॅरंटी नै."

प्रज्ञा मान खाली घालून बसली होती. मी विचारलं, "ओरडतेस कशाला?"

"वरडत न्हाय अक्का," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मला मीच ऐकू येत न्हाय. शेजारी ढोलकी, मागं साउंड, म्होरं पब्लिक. मग आवाज चढतोच की."

स्टेजवरचे गायक कानात जे इअरफोन घालतात ते याचसाठी. बाहेरचा गोंगाट अडवायचा आणि गाणाऱ्याला त्याचाच आवाज हळू, नीट ऐकवायचा. समीरने ते आणून बघितलं होतं, पण ते घातल्यावर प्रज्ञा सुरातून ढळायची. ओरडली तर गळा जाणार, कानात घातलं तर सूर जाणार. जयंती तोंडावर आलेली. समीरने अक्कलकोटच्या एका मुलीशी बोलूनही ठेवलं होतं, आणि ते तो माझ्यासमोर बोलला तेव्हा प्रज्ञाने डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. बापाची पार्टी, आणि गाणार दुसरंच कोणी. मला समीरचाही राग आला नाही. वीस-पंचवीस माणसांचं पोट त्या सीझनवर होतं.

त्याने ओळखीच्यांकडून तीन भारी जोड्या वापरून बघायला आणल्या होत्या. पहिली गोड. ऐकणाऱ्याला वाटावं गाणं खास आपल्यासाठी चाललंय. दुसरीत खालचा आवाज इतका की डोकं जड व्हावं. तिसरी साधी, हलकी, दिसायलाही गरीब, आवाजात काही नखरा नाही. मी आवाज सारखे केले, प्रज्ञाला भिंतीकडे वळवलं. तिने पहिली निवडली. भाकरी खायला घातली. पहिली जागची हलली नाही. तिसरी मात्र लगेच सैल झाली. मी पहिल्या जोडीच्या टोकांना कानात बसणाऱ्या मऊ टोप्या चढवल्या आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, "ही घे आणि गा."

दोन दिवसांनी समीरचा फोन. "अक्का, खालच्या सुरात मस्त. वर गेली की पुन्हा तेच."

माझा पारा चढला. माझी भाकरी खोटं बोलत नाही, या समजुतीत मी इतकी वर्षं काढली होती. पिशवी उचलली आणि रिक्षा करून त्यांच्या तालमीला गेले. विहाराला लागून एक खोली आहे, तिथे पार्टी जमते. दारावरच कार्यक्रमाचा मोठा फलक, त्यावर प्रज्ञाचा फोटो, उजवा हात कानावर. आत गौतमभाऊ खुर्चीत बसलेले. मी म्हटलं, मला काही समजावू नका, हिला गाऊ द्या.

ती गायली. सुरुवातीला छान. मग वरचा सूर जवळ आला तसा तिचा उजवा हात कानाकडे गेला. पुन्हा वरचा सूर, पुन्हा हात. तिसऱ्यांदा मी तिला थांबवलं.

"हा हात कशाला नेतेस?"

"सवय हाय अक्का. आबा बी असंच गायचे."

गौतमभाऊ हसले. "आमच्यात समदेच नेत्यात. गाणाऱ्याचा हात कानालाच असतो की."

खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. फलकावर फोटोसुद्धा तोच होता, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं दिसणार कसं? मी म्हटलं, "दोन्ही हात कमरेवर ठेव. काही झालं तरी उचलायचे नाहीत. आता गा."

वरचा सूर आला. हात अर्धा उचलला गेला, तिने परत खाली दाबला, आणि सूर तिथेच घसरला. "पुन्हा," मी म्हटलं. पुन्हा घसरला. ती वैतागली. "हात न्हेल्याशिवाय ऐकूच येत न्हाय की मला."

बोलली आणि स्वतःच आपल्या हाताकडे बघायला लागली. समीरने कीबोर्डवरचे हात काढले.

तो हात सवयीचा नव्हता, निदान आता तरी. प्रज्ञाचं तोंड वरच्या सुराला जेवढं उघडतं तेवढं माझ्या दुकानात भाकरी खाणाऱ्या कुणाचंच उघडत नाही. भाकरी माणूस तोंड मिटून चावतो, आमच्या घरात तरी तशीच शिस्त होती. तिने "आ" लावला की उजव्या कानाची नळी रुंदावायची, फट पडायची, कीबोर्डचा खालचा आवाज गायब व्हायचा आणि ज्या सुरावर उभं राहायचं तोच पायाखालून जायचा. मग ती हाताने इअरफोन आत दाबायची. दाबला की तिचाच आवाज डोक्यात घुमायचा. दोन्ही कानांत बोटं घालून बोलून बघा, माठात तोंड घालून बोलल्यासारखं वाटतं की नाही? तसं. त्या घुमण्यात सूर धरायचा कसा? कुणी तिला बेसुरी म्हणत होतं, कुणी म्हणत होतं हिला नवीन वस्तूची सवय होत नाही. पोरीचा काडीचा दोष नव्हता. मी ते तिला तिथल्या तिथे मोठ्याने सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. गौतमभाऊंना दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिला दुकानात बोलावून मी तिच्या कानांचे ठसे घेतले. आधी दोरा बांधलेला स्पंजचा इवलासा बोळा नळीत सरकवायचा, म्हणजे पुढचं रसायन पडद्यापर्यंत जात नाही. मग कणकेसारखं मळलेलं मऊ रसायन पिचकारीने कानात भरायचं आणि ते घट्ट होईपर्यंत स्वस्थ बसायचं. नेहमी तोंड मिटून बसवतात. मी तिच्या दातांमध्ये आमच्या मागावरची, सूत गुंडाळायची जुनी लाकडी कांडी कापून, धुऊन, कापडात गुंडाळून उभी धरली, म्हणजे तोंड गाताना उघडतं तेवढं उघडं राहील. बोळा खोल गेला तशी तिला खोकल्याची उबळ आली. कानात खोल काही गेलं की काहींना येते. ती घाबरली, हात झटकून उठायला लागली. मी तिचा खांदा दाबून म्हटलं, "बस. इथपर्यंत गेल्याशिवाय ते घुमणं थांबत नाही." बाहेरच्या भागात नळी मऊ असते, आत हाडाची. टोक हाडापर्यंत गेलं की आपलाच आवाज डोक्यात कमी घुमतो. ती बसली. लाळ गळत होती, डोळ्यांत पाणी, पण बसली.

नंतर मी तोंड मिटूनही दोन्ही कानांचे ठसे घेतले आणि सगळे तिच्या तळहातावर ठेवले. डाव्या कानाचे दोन्ही ठसे जवळपास सारखे. उजव्याचा तोंड उघडून घेतलेला ठसा दुसऱ्यापेक्षा चांगला जाडजूड. ती बघतच राहिली. "हा माझाच कान?" म्हणाली.

"तुझाच. फक्त गाणारा."

उघड्या तोंडाच्या ठशावरून मी तिन्ही जोड्यांना बसेल अशी मऊ सिलिकॉनची खोळ ओतली. घासली, पुन्हा घासली, कारण खोळ जरा टोचली तरी तासाभरात कान लाल होतो. तिला घालून बसवलं, हसायला लावलं, जांभई द्यायला लावली, मग गायला. मग समीरने वाजवायचं, मी आवाज सारखे करायचे, तिने भिंतीकडे तोंड करून गायचं आणि जोडी सांगायची. दरवेळी तिने तिसरी सांगितली. तीच साधी.

समीरचा विश्वास बसेना. "ये? अक्का, पहिली कितना मीठा बजती थी."

"मीठा वाजतं म्हणूनच," प्रज्ञा म्हणाली. आवाज तिचा जरा सुटला होता. "त्यात माझाबी आवाज गोड लागतोय. मी चुकली तरी कळत न्हाय. ह्यात कळतंय."

गाणं ऐकायला बसलेल्या माणसासाठी पहिली जोडी लाख मोलाची, मी आजही देते. पण गाणाऱ्याला लाड करणारा नको, खरं सांगणारा हवा. शिवाय तिसरी वजनाला हलकी, मान हलली तरी ओढत नाही. भाकरी खाताना ती का सैल झाली होती, तर तिच्या टोप्या भलत्या मापाच्या होत्या. खोळ बसली आणि ती जागची हलली नाही. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मी समीरला दोनदा चहा पाजला, आणि मी कुणाला एकदाच पाजते.

जयंतीच्या कार्यक्रमाला मैदान भरलं होतं. अक्कलकोटची मुलगी कोरसमध्ये बसली होती, गरज लागली तर म्हणून. मी बायकांमध्ये पुढे बसले, गौतमभाऊ माझ्या डाव्या हाताला कडेच्या खुर्चीवर. दुकानातली खोली वेगळी आणि हे मैदान वेगळं, चारी बाजूंनी कर्णे, ढोलकीवाला तर त्या दिवशी पेटूनच आला होता. इथे फट पडली तर पोरगी परत ओरडणार, आणि ओरडली तर डॉक्टर काय म्हणाले ते मला पाठ होतं.

ती उभी राहिली. कमरेला कानात आवाज पोचवणारी छोटी डबी, कानात माझ्या खोळी. सुरू केलं तेच हळू. मागच्या जयंतीला मी तिला ऐकलं होतं, तेव्हा पहिल्या ओळीपासून शिरा ताणून गात होती. आता बोलल्यासारखं गात होती आणि शब्द शब्द मैदानाच्या टोकाला पोचत होता. मग वरचा सूर जवळ आला. तिने तोंड उघडलं, पूर्ण उघडलं, आणि सूर लागला. लख्ख. आणि ती त्यावर थांबली, वाटेल तेवढी थांबली.

गौतमभाऊंनी माझ्या मनगटाला धरलं. कर्ण्यांच्या त्या गलक्यात त्यांच्या यंत्रातून त्यांना काय कळत असेल, देव जाणे. ते ऐकत नव्हते, बघत होते.

"हात बगा अक्का," ते म्हणाले. "हात खालीच हाय."

खरंच खाली होता. पुढच्या गाण्याला, त्याच्या पुढच्यालाही. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसत नव्हते, कारण माझं मनगट सोडायला तयार नव्हते.

शेवटचं गाणं संपलं आणि मैदानातून "वन्स मोर"चा गलका उठला. मागची तीन वर्षं पार्टीत ठरूनच गेलं होतं, शेवटी प्रज्ञाचा गळा उरत नाही, तेव्हा असं झालं की समीरने नुसती धून वाजवून वेळ मारून न्यायची. त्याने सवयीने धून सुरू केली. प्रज्ञाने त्याच्याकडे वळून तोच उजवा हात वर केला आणि त्याला थांबवलं. मैदान गप्प झालं. तिने वाद्यांशिवाय पहिली ओळ घेतली, खालच्या सुरात, अगदी सावकाश, आणि मग मला काही कळलं नाही, मी उभी राहिले होते आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होते. लोक मागून "बसा की बाई" म्हणत होते. मी बसले नाही.

शेजारच्या बाईने माझा पदर ओढला. "तुमची लेक हाय व्हय?"

"नाही ओ," मी म्हटलं. "गळा तिचा. कान माझे."

बाई जरा सरकूनच बसली.